जातो म्हणू नये

मराठी माणूस आयुष्यात कधी कुठून जात नाही. तो नुसता येत असतो. शेजारी विरजण मागायला आलेला गृहस्थ तास-दीड तासानं उठतो आणि म्हणतो, "बरंय, येतो." अहो, आला तर आहातच, आता आणखी कुठं येणार? सासरी निघालेली मुलगी डोळे पुसत "येते" म्हणते. सीमेवर निघालेला जवान "येतो" म्हणतो. दाताच्या डॉक्टरकडून जबडा धरून बाहेर पडणारा इसम, या जागी पुन्हा जन्मात पाऊल टाकायचं नाही असं मनाशी पक्कं ठरवून, सुजलेल्या गालातून शब्द काढतो तोही "येतो, डॉक्टर" असाच.

चुकून कुणी "जातो" म्हणालाच, तर घरातलं सर्वांत वडीलधारं माणूस दचकतं. "जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं. वास्तू तथास्तु म्हणत असते!" ही वास्तू मोठी विचित्र असते. लॉटरीचं तिकीट काढून आपण घरभर मोठमोठ्यानं बोललो तरी तिला ऐकू जात नाही; "जातो" एवढं मात्र नेमकं ऐकू जातं.

तशी आपली भाषाच मुळी मोडण्याच्या आणि संपण्याच्या विरुद्ध आहे. देवापुढं नारळ फुटत नाही, तो वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. रात्री वाणी दुकान बंद करत नाही, वाढवतो. जिथं मोडणारी प्रत्येक वस्तू वाढते, तिथं जाणारा माणूस येतो यात नवल ते काय? फक्त तुकारामबुवांच्या निरोपाच्या अभंगात "जातो" असं सरळ म्हटलेलं आहे. पण त्यांचं सोडा. त्यांना परत येऊन कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

आता प्रश्न असा की, परत यायचं नक्की नसताना "येतो" म्हणणं हे खोटं बोलणं आहे की नाही?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? आहे बुवा. मोठमोठ्या माणसांनी यावर डोकं शिणवलं आहे. इमॅन्युएल कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं 1797 साली यावर एक निबंधच लिहिला. त्याचं म्हणणं असं, की खोटं बोलण्याचा हक्क कुणालाच नाही; भल्यासाठीसुद्धा नाही. तुमचा मित्र तुमच्या घरात लपला आहे, दारात खुनी उभा राहून "तो आत आहे का?" असं विचारतो आहे, तरी खोटं बोलू नका. मी हे प्रथम वाचलं तेव्हा मला त्या मित्राची फार काळजी वाटली. पण पुढं असंही वाचनात आलं, की हा कांट 1724 ते 1804 इतकं लांबलचक जगला आणि एवढ्या आयुष्यात आपलं कोनिग्सबर्ग गाव सोडून फारसा लांब कधी गेलाच नाही. म्हटलं, बरोबर आहे. जो माणूस कधी फार लांब निघाला नाही, म्हाताऱ्या आईच्या पायावर डोकं ठेवून उठताना ज्याच्या घशात काही अडकलं नाही, त्याला सगळं जग खरं बोलण्याइतकं सोपं वाटणारच.

आपल्याकडं या विषयाचा अधिकारी पुरुष म्हणजे धर्मराज. त्याचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. अश्वत्थामा मेल्याचं ते अर्धमुर्धं सत्य तो बोलला आणि रथाची चाकं धुळीला टेकली. लहानपणी मला वाटे, एवढ्याशा वाक्याला एवढी मोठी शिक्षा? त्याचा उलगडा व्हायला पाचगणीला जावं लागलं.

पाचगणीला आमच्या आत्याचं घर आहे. वाईहून पसरणीचा घाट चढून वर गेलं, की डाव्या-उजव्या हाताला सिल्व्हर ओकची सरळसोट झाडं दिसायला लागतात, त्यांतल्याच एका रांगेच्या मागं. आत्या शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाली, नवरा गेला, मुलगी पुण्याला दिली, मुलगा न्यू जर्सीला गेला. आत्या तिथंच राहिली. आता त्र्याऐंशी वर्षांची आहे, आणि अजून किराणावाल्याच्या बेरजेतली चूक उलट्या बाजूनं वाचून काढते.

गेल्या डिसेंबरात आतेभाऊ सहकुटुंब तीन आठवड्यांसाठी आला होता. पहिले दोन आठवडे बँका, दात, साड्या आणि सासुरवाडी यांत गेले. राहिलेले आठ दिवस आत्याकडं काढून तिथूनच परत मुंबईचं विमान गाठायचं, आणि सगळ्यांनी तिथंच भेटायचं, असा बेत ठरला. सगळे म्हणजे आम्ही दोघं, दादा-वहिनी, आतेबहीण, तिचे यजमान, दोन्हीकडची पोरंबाळं, अशी आत्या धरून चौदा माणसं. घर चार खोल्यांचं आणि न्हाणीघर एक.

एकत्र कुटुंबपद्धतीचे गोडवे गाणाऱ्या विद्वानांना मी थंडीच्या दिवसांत एका बंबावर चौदा आंघोळी आटोपून दाखवायला सांगेन. पहाटे पाचला दादा बंब पेटवायचा आणि त्या नैतिक अधिकारावर पहिला नंबर लावायचा. नवाच्या सुमाराला माझा नंबर येई, तोवर बंबात निखारे आणि बादलीत तात्त्विक उष्णता एवढंच शिल्लक असे. अमेरिकेतली दोन मुलं आंघोळीला सरळ नाही म्हणाली. त्यांच्या या स्पष्टवक्तेपणाचा मला हेवा वाटला.

पण घर भरलं होतं हे खरं. टेबललँडवर पोरांनी घोड्यांवरून चकरा मारल्या. जांभ्या दगडाचं ते विस्तीर्ण पठार पाहून धाकटा म्हणाला, "आजी, हे कुणी सपाट केलं?" आजी म्हणाली, "पावसानं. त्याला वेळ होता." संध्याकाळी आम्ही सेंट पीटर्स चर्चच्या बाजूला फिरायला जायचो. ज्या जॉन चेसन नावाच्या इंग्रजानं गेल्याच्या गेल्या शतकात पाचगणी वसवली, त्याची कबर तिथं आहे. तोही विलायतेहून निघताना आपल्या आईला "येतो" अशा अर्थाचं इंग्रजीत काहीतरी म्हणालाच असेल. सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तोही आला तो परत गेला नाही. स्ट्रॉबेरी बाहेरचीच, पण महाबळेश्वरच्या मातीत अशी रुजली की 2010 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. थोडक्यात, परदेशी फळाला इथला दाखला मिळाला आणि आमच्या आतेभावाला तिथला.

तिथला दाखला म्हणजे त्यानं तीन वर्षांपूर्वी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं होतं आणि आईला सांगितलं नव्हतं. आपल्या कायद्यात दोन देशांचं नागरिकत्व बसत नाही. एक घेतलं की दुसरं सुटतं. मग सरकार एक ओसीआय कार्ड देतं. नावात नागरिक हा शब्द असतो, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. फक्त येता येतं. हे कार्ड तिसऱ्या दिवशी चष्मा शोधताना आत्याच्या हाती लागलं.

"हे काय रे?"

"अगं, काही नाही. त्याच्यावर मला आजन्म केव्हाही येता येतं. व्हिसा लागत नाही."

आत्यानं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "आजन्म म्हणजे कुणाचा जन्म? तुझा की माझा?"

तो हसला. आम्हीही हसलो. आत्यानं चष्मा लावला आणि ती वाटाणे सोलायला बसली.

खोटं काही एकाच बाजूनं चाललं नव्हतं. दर रविवारी मायलेकरांचं फोनवर तोंड पाहून बोलणं व्हायचं. न्यू जर्सी आपल्या मागं उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. तो हिशेब आत्याला तोंडपाठ. ती फोनसमोर कशी बसायची ते आम्हाला माळीमामांकडून कळलं. श्रावणात ती न्हाणीघरात पडली होती आणि तीन आठवडे उजवा हात गळ्यात होता. दर रविवारी फोन सुरू व्हायच्या आधी ती गळ्यातली झोळी काढून ठेवायची, हात मांडीवर घ्यायची आणि "मी अगदी मजेत आहे हो" म्हणायची. म्हणजे तिकडून "येतो" जायचं आणि इकडून "मजेत आहे" जायचं. दोन्ही बाजूंचा माल खोटा, पण देवाणघेवाण चोख.

सहाव्या दिवशी बॅगा भरणं सुरू झालं. माणशी तेवीस किलोच्या दोन, अशा चौघांच्या आठ बॅगा. म्हणजे एकशे चौऱ्याऐंशी किलो. हा गुणाकार आत्यानं तोंडी केला. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, सांडगी मिरच्या, आमसुलं, पोह्यांचे पापड, साताऱ्याचे कंदी पेढे. आतेभाऊ हातात तो हुकाचा काटा घेऊन प्रत्येक बॅग उचलून बघायचा, काट्याकडं पाहून चेहरा पाडायचा आणि लोणच्याची एक बरणी बाहेर काढायचा. त्याची पाठ वळली की वहिनी ती बरणी पुन्हा आत घालायच्या. ताजी फळं त्या देशात नेऊ देत नाहीत, म्हणून स्ट्रॉबेरी आम्ही उपस्थितांनी तिथंच निःस्वार्थीपणानं संपवली.

त्या रात्री व्हरांड्यात सगळे शाली गुंडाळून बसले असताना आत्यानं विषय काढला.

"उद्या निघताना येतो म्हणू नकोस."

आम्ही सगळे चपापलो. वहिनींनी सवयीनं छपराकडं पाहिलं, वास्तूनं ऐकलं की काय म्हणून.

"आई, असं काय बोलतेस?"

"वाईट वाटून नाही बोलत. हिशेब आहे. पत्रे गंजलेत. मृगाच्या आत बदलायला हवेत. सगळ्या घराचे बदलायचे तर एक रक्कम होते, निम्म्या घराचे बदलायचे तर निम्मी. तू गेल्या अकरा वर्षांत चार वेळा येतो म्हणालास आणि दोन वेळा आलास. ती माझी तक्रार नाही. पण मी चारही वेळा धरून चालले."

आणि मग तिनं तिच्या येतोचा खर्च मांडला. चौदा गाद्या, त्या दर ऑक्टोबरात उन्हात घालायच्या, कारण इथल्या पावसाळ्यात कापसालासुद्धा बुरशी धरते. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे तीन माणसं एकावर एक उभी केली तरी बुडतील एवढा. पाचगणी त्याच्या आडोशाला आहे म्हणून पुष्कळ कमी, पण गादीला तेवढाही पुरतो. मागच्या दोन खोल्या शाळेतल्या बाया भाड्यानं मागत होत्या, त्या दिल्या नाहीत; मुलं आली तर कुठं झोपतील? मुलगी पुण्याला ये म्हणून पाच वर्षं मागं लागली आहे, गेली नाही. कुलूपबंद घराकडं तो येईल तरी कसा?

"आता सांग," आत्या म्हणाली, "तू राहायला येणार आहेस का? कधी?"

मला त्या क्षणी धर्मराजाचा रथ का खाली आला ते कळलं. वाक्य लहान होतं म्हणून काय झालं? ते ऐकून द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवलं. विरजणवाल्या शेजाऱ्याच्या "येतो" वर कुणी काही खाली ठेवत नाही की वर उचलत नाही. तो येवो न येवो, आपला वरणभात व्हायचा तो होतोच. ते "येतो" म्हणजे निव्वळ दाराची कडी वाजावी तसा आवाज. तिथं खऱ्याखोट्याचा प्रश्नच नाही, आणि कांटसाहेबही त्यासाठी आपल्याला फाशी देणार नाहीत. पण जिथं ऐकणारा माणूस आपल्या शब्दावर काही बेततो, गाद्या उन्हात घालतो, खोल्या रिकाम्या ठेवतो, त्याच शब्दाला तिथं वजन येतं. आपण बोलतो फुकट आणि किंमत देतो दुसरा. त्याला गोड बोलणं म्हणत नाहीत, उधारी म्हणतात. नशीब, आतेभावाच्या टॅक्सीची चाकं एकशे चौऱ्याऐंशी किलोंच्या भारानं आधीच जमिनीला टेकायची होती. रथाच्या चार बोटांचा मुद्दा तिथं उद्भवणार नव्हता.

वहिनींना मात्र हे पटलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन त्या मला हळूच म्हणाल्या, "भावोजी, म्हाताऱ्या माणसाच्या आशेवर असं पाणी ओतायचं का? मुलगा येणार म्हणून तरी त्या गाद्या उन्हात घालतात, हिंडतात-फिरतात. ती आशा काढून घेतली तर उद्यापासून उठतील तरी कशासाठी?"

हा मुद्दा लहान नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला. माणूस भाकरीवर जगतो तसा वाट बघण्यावरही जगतो. आपण गणपती विसर्जनाला "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणून ओरडतो, त्या जोरावर वर्ष काढतो. पण एक फरक आहे. गणपती येतो. पंचांगात तारीख असते. साधारण वर्षी तो अकराएक दिवस लवकर येतो, अधिक मास असला तर एकोणीसएक दिवस उशिरा, पण येतो. म्हणून ती आशा पोसली जाते. ज्या आशेला तारीख नाही, ती माणसाला जगवते तशी बांधूनही ठेवते. आणि दुसऱ्याला त्याच्या भल्यासाठी बांधून ठेवायचं की नाही हे ठरवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? निदान त्याला विचारावं तरी. इथं तर आत्यानं न विचारता सांगितलं होतं. आम्ही बाहेर आलो तेव्हा ती मुलाला म्हणत होती, "मला आशा नको रे, तारीख हवी."

बराच वेळ कुणी बोललं नाही. खाली दरीत धोम धरणाच्या बाजूला गावांचे दिवे लुकलुकत होते. शेवटी आतेभाऊ म्हणाला, "राहायला नाही येणार, आई. मुलांच्या शाळा आहेत, मग कॉलेजं. दोन वर्षांनी एकदा येईन, दोन आठवड्यांसाठी. डिसेंबरात. त्याच्यापेक्षा जास्त सांगितलं तर ते खरं नसेल."

"दोन वर्षांनी दोन आठवडे," आत्या म्हणाली. तिचा आवाज जरा हलला, पण हिशेब हलला नाही. "चालेल. मग निम्म्याच घराचे पत्रे चांगल्यातले घालू. मागच्या खोल्या त्या बाईंना देते, पत्र्याचा निम्मा खर्च भाड्यातून निघेल. डिसेंबरात त्या आपल्या गावी जातात. गाद्या आठ ठेवते."

"आणि तू?" आतेभाऊ म्हणाला. "श्रावणात पडलीस ते?"

आत्यानं माळीमामांच्या खोलीकडं एक कटाक्ष टाकला. त्या कटाक्षानं पूर्वी अख्खा वर्ग गप्प होत असे. मग म्हणाली, "पडले. हात दुखावला होता. आता दर रविवारी हात दाखवीन. दोन्ही."

आमच्या कुटुंबाच्या इतिहासात एका बैठकीत इतकं खरं बोलणं पूर्वी कधी झालं नसेल. एवढ्यानं थंडी वाजायला लागली म्हणून सगळ्यांनी पुन्हा चहा घेतला. गंमत म्हणजे त्या रात्री आत्या सर्वांत आधी झोपली आणि घोरलीसुद्धा. वहिनी जाग्याच होत्या. त्यांना वास्तूची काळजी.

दुसऱ्या दिवशी निघताना हातावर दही-साखर झाली, पाया पडणं झालं. आतेभाऊ फाटकाशी घुटमळला. काय म्हणावं ते त्याला कळेना. तेव्हा आत्याच म्हणाली, "म्हण की आता. येतो म्हण. आता हरकत नाही." तो "येतो" म्हणाला. आत्या "ये" म्हणाली. शब्द तोच होता. फक्त काट्याला लावून भरलेल्या बॅगेसारखा, झेपेल तेवढ्याच वजनाचा.

परवा तिचा फोन आला होता. पत्रे बसले आणि मागच्या खोल्यांत शाळेतल्या बाई राहायला आल्या. मी विचारलं, "काय गं आत्या, बरी आहे का बाई?"

"गुणाची आहे," आत्या म्हणाली. "रोज सकाळी जाताना 'जाऊन येते' म्हणते. नुसतं जाते नाही आणि नुसतं येते नाही. आणि सांगितल्या वेळेला, सहाला, येतेसुद्धा. आजच साडेसहा केले. मी विचारणार आहे."